पोवळी कोंडवाड्यात

१९ ऑक्टोबर १९५७, शनिवार

पोवळी पुन्हा पळाली! सकाळी सडा टाकायला उठले, तर कोठ्यात नुसतं दावं पडलेलं. सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, ते उचललं, झटकलं आणि माझ्याकडं असं पाहिलं, जशी गाय मीच पदराखाली लपवली आहे.

पोवळी माझी. लग्नात बाबांनी आंदण दिली. मेडशीहून माझ्या मागोमाग केनवडला आली — मी रडत, ती हंबरत. श्रावणात अशीच एकदा सुटली आणि बारा कोस चालत सरळ माहेरच्या दारात जाऊन उभी राहिली. बाबांनी रूपला गड्याबरोबर परत पाठवली. रूपला फाटकातच थांबला, पाणीसुद्धा घेतलं नाही. बाबांचा हुकूमच तसा होता! पण पोवळीची शिंगं तेलानं चकचकीत होती आणि कपाळावर कुंकू होतं. तो मायचा हात. मी तिच्या कपाळाला कपाळ टेकवून उभी राहिले. सासूबाई, आमच्या आत्याबाई, ओरडल्या, "गाय हाय ते! माय नोहे तुयी!"

ती जाऊन येते. मी नाही जात. मजाच आहे.

२० ऑक्टोबर

आज दिवसभर घरात एकच शब्द — कोंडवाडा. "अडकली असन कुठच्या तरी कोंडवाड्यात," हे म्हणाले. मामाजींनी नुसती तंबाखू मळली.

आत्याबाईंचा तर तो आवडता शब्द. पोरं शाळेत निघाली की "गेले मास्तरच्या कोंडवाड्यात." चूल धुपली की "कोंडवाडा केला व घराचा!" मोटार माणसांनी भरून आली की तीही कोंडवाडाच.

मला लहानपणापासून शब्दांचा चाळा. पुस्तकात 'गोठा' असायचा, आम्ही 'कोठा' वाचायचो आणि गुरुजी छडी दाखवायचे. पण कोठा तो कोठाच. तिथं मालक बांधतो, वैरण टाकतो, नावानं हाक मारतो. आखरावर गावची सगळी गुरं सकाळी गोळा होतात, गुराखी चारायला नेतो, सांजेला आणून सोडतो, मग ज्याची त्याची गाय आपलं घर ओळखते. धनगरांचा मेंढवाडा आज या शेतात, उद्या त्या. मेंढीला माहेराची आठवण येत नसेल, बिचारीनं कुठली जागा आठवायची? आणि कोंडवाडा — परक्याच्या पिकात सापडलेलं जनावर कोंडायची जागा. मालक येईपर्यंत. मालक आलाच नाही, तर लिलाव.

आलाच नाही तर! काय लिहीत बसले मी हे.

२२ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. लग्नानंतरची पहिली दिवाळी. न्यायला कोणी आलं नाही. येणार नव्हतंच.

२४ ऑक्टोबर

गायगोधन. आखरावर सगळ्यांच्या गाई रंगवून, माळा घालून आणलेल्या. आमच्या पोवळीची जागा रिकामी. शेजारच्या गोमतीबाई मुद्दाम विचारून गेल्या, "तुयी गाय कुठी गेली व?" जशी गावात कोणाला ठाऊकच नाही!

भांडण तरी सांगण्यासारखं असावं. लग्नात मानाचा शेला बाबांनी आधी आत्याबाईंच्या भावाच्या खांद्यावर टाकला आणि मामाजींना मागून दिला. एवढंच! मामाजी म्हणतात, "रामरावनं येऊन हात जोडल्याबिगर सून धाडनार नाई." बाबा म्हणतात, "म्या पोरगी देल्ली, पगडी नाई देल्ली." दोघे आपापल्या गावात ताठ. एकाला सून मिळाली, एकाची मुलगी गेली, पण शेला काही कोणाच्या डोक्यातून जात नाही.

मला माय पाहिजे. बाकी काही नको. तिच्या हातची भाकर नको, लुगडं नको — नुसती ती समोर बसलेली पाहिजे.

२५ ऑक्टोबर

भाऊबीज. माझा भाऊ देवला आला नाही. भावाऐवजी चंद्राला ओवाळलं. चंद्राचं काय, तो गावभरच्या बायांचा भाऊ!

२८ ऑक्टोबर

नथ्थू गुराखी मालेगावच्या बाजारातून आला. पोवळी तिथल्या कोंडवाड्यात आहे! कोणाच्या तरी ज्वारीत शिरली होती. अंगावर वळ आहेत म्हणाला. माझा हात पिठात होता, तसाच राहिला.

"आना ना मंग सोडवून," आत्याबाई म्हणाल्या.

मामाजी म्हणाले, "काहून आनू? पाय फुटले का तिकडंच जाते ते. त्यायचीच गाय हाय. त्यायनं सोडवावी."

मेडशीला निरोप गेला. बाबा काय म्हणतील ते मला आजच ठाऊक आहे.

३० ऑक्टोबर

बाबांचा निरोप: "देल्ली गाय आमची नाई."

म्हटलं नव्हतं!

कोणाचीच नसलेली गाय. इकडच्यांची नाही, तिकडच्यांची नाही. मध्ये मालेगावला उभी. आज कोठ्यात जाऊन तिच्या जागी उगीच वैरण टाकून आले. बैलांनी खाल्ली.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज घरात हसू की रडू असं झालं. मामाजी काल 'दुसऱ्या कामासाठी' मालेगावला गेले. कोंडवाड्याच्या दाराशी पाहतात तर बाबा उभे — तेही दुसऱ्याच कामाला आलेले! हे बरोबर होते, त्यांनी नक्कल करून सांगितलं. दोघे फाटकाच्या दोन्ही बाजूंना. दोघे गाईकडं बघताहेत, एकमेकांकडं नाही. मुन्शीनं मामाजींना विचारलं, "गाय तुमची?" मामाजी म्हणाले, "यायची." बाबांना विचारलं, तर बाबा म्हणाले, "त्यायची." मुन्शी तापला. "पाटील, लोकं दुसऱ्याची गाय आपली म्हनून भांडतेत, तुमी आपली दुसऱ्याची म्हनून भांडून राह्यले! आंदण कोनाले देल्ली?"

दोघांनी पुन्हा गाईकडंच पाहिलं. शेवटी हेच म्हणाले, "माया घरवालीले."

"मंग गाय तिची. तिले आना. ते सोडवन, नाई त बुधवारी लिलाव."

यांची नक्कल संपते न संपते, तोच ओसरीवरून मामाजी गरजले, "रंगरावची सून कोंडवाड्याच्या दारात उभी राह्यनार नाई!"

मी दाराआड. तेवढ्यात आत्याबाई — आमच्या आत्याबाई! — म्हणाल्या, "लिलावात पुकारा होईन तवा नाव कोनाचं घेतीन? रंगरावच्याच सुनंचं ना? मंग जाऊन राह्यली त काय झालं?"

मामाजी उठून बाहेर गेले. नाही म्हणाले नाहीत!

३ नोव्हेंबर, रविवार

जाऊन आले. अक्षर वेडंवाकडं येतंय.

कोंडवाडा म्हणजे दगडी भिंत, बाभळीच्या काट्यांचं फाटक आणि आत चिखल. पोवळी कोपऱ्यात. फासळ्या दिसत होत्या. मी "पोवळे" म्हटलं, तशी बाकीच्या गुरांना ढकलत फाटकापाशी आली आणि माझा हात चाटू लागली. खरखरीत जीभ. मी सगळ्यांदेखत रडले.

मुन्शीनं विचारलं, "नाव?" सांगितलं, तुळसाबाई. "नवऱ्याचं नाव?" आता आली का पंचाईत! हे शेजारीच उभे, मिशीत हसत. मी मुन्शीच्या हातातली लेखणी घेतली आणि लिहिलं — जगदेव. मुन्शी बघतच राहिला. दंड यांनी भरला.

आणि मग, भिंतीच्या पलीकडं, निंबाखाली — माय!

कोणी बोलावलं तिला, कोणी आणलं, मी विचारलंच नाही. पळाले. यांनी गाय धरली आणि तोंड फिरवून उभे राहिले, देव त्यांचं भलं करो. आम्ही मायलेकी कोंडवाड्याच्या भिंतीला टेकून बसलो. ती माझा हात सोडेना. "बारीक झाली व," एवढंच म्हणत राहिली. माझे केस सोडले, बोटांनीच विंचरले, पुन्हा घातले. आतून शेणाचा वास, गुरांचं फुरफुरणं. मला वाटलं, इथंच बसून राहावं, आम्हालाही सोडवायला कोणी येऊ नये.

बाबा दूर बैलगाडीजवळ, पाठ करून. निघताना मात्र आले. माझ्याकडं पाहिलं नाही. पोवळीच्या गळ्याखाली हात घातला, खाजवलं आणि तिला म्हणाले, "नीट राहजो. पोटभर खात जाजो. रडू नको."

पोवळीनं मान हलवली. मीही हलवली.

६ नोव्हेंबर

आता कोणी कोंडवाडा म्हटलं की मला माय दिसते. आज आत्याबाई चुलीवरून ओरडल्या, "कोंडवाडा केला घराचा!" आणि मी हसले. त्या रागावल्या. काय सांगू त्यांना!

९ नोव्हेंबर

मामाजींनी पोवळीच्या गळ्यात लोढणं अडकवलं. बाभळीचं जाड लाकूड — पळायला गेली तर गुडघ्यावर आपटतं. दावंही नवं, दुहेरी. "आता पायतो कशी जाते!"

आता ती जात नाही. म्हणजे कोंडवाडा नाही. म्हणजे माय नाही. संक्रांत जाईल, होळी जाईल, दोन म्हातारे शेला धरून बसतील. मी कोठ्यात बसून पोवळीच्या गुडघ्याला हळद लावली.

१४ नोव्हेंबर

पहाटे शेणाला गेले, तर कोठ्यात आत्याबाई. लोढणं खाली पडलेलं, दाव्याची गाठ त्यांच्या हातात. मला बघून थांबल्या नाहीत. "आगुदरबी दोनी डाव मीच सोडली," म्हणाल्या. "तीस साल झाले मले या घरात. मायी गाय कोनी सोडलीच नाई व."

मी जाऊन फाटक उघडलं.