न हिंदकळणारी गादी

प्रिय टाचणीस,

गादी पोचली, ते फोनवर सांगितलंच. दोन माणसं ती वळकटीसारखी खांद्यावर घेऊन जिना चढली. प्लॅस्टिक कापल्याबरोबर तिने एक मोठा श्वास घेतला आणि पलंगभर पसरून बसली. तुझे बाबा कौतुकाने बघत होते. म्हणाले, इस्त्री न फिरवता इतकं सपाट झालेलं कापड मी जन्मात पाहिलं नाही. तू महिनाभर डोकं खपवून निवडलेली गादी, तिच्यात खोट काढायला जागा नाही आणि मी काढणारही नाही. पण ती ठेवायची की परत करायची, हे मला तुला विचारायचं आहे. दुकानाने परत घ्यायची मुदत दिली आहे, ती अजून संपलेली नाही. फोनवर तू माझं अर्धं ऐकतेस आणि उरलेल्या अर्ध्यावर उपाय सांगतेस. शिवाय आमच्याकडे फोन कसा चालतो ते तुला ठाऊक आहे, स्पीकर लावून, बाबा शेजारच्या खुर्चीत. म्हणून पत्र. चहा घेऊन बस आणि सगळं वाच.

जुनी गादी गेलीच होती, तुझं बरोबर होतं. मागच्या खेपेला तू तिच्यावर एक रात्र काढलीस आणि सकाळी कंबर धरून म्हणालीस की, एवढा झोल एखाद्या पुलाला आला असता तर मी त्याची वाहतूक बंद केली असती. पूल तपासणाऱ्या मुलीने एकदा गादी मनावर घेतली म्हटल्यावर काय होणार, ते आम्हाला कळून चुकलं. मग तुझे फोन सुरू झाले. काथ्याची कडक असते पण कालांतराने भुगा होतो. नुसता फोम उन्हाळ्यात तापतो. स्प्रिंगची घ्यावी तर प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत शिवलेली हवी, म्हणजे एक दबली तरी शेजारची हलत नाही. हे पिशव्यांचं ऐकून बाबा खूश. त्यांना वाटलं, ही तर आपल्याच धंद्यातली वस्तू. कोणत्या टाक्याने शिवतात ते विचार, असं ते मला मागून खुणावत होते, आणि तू इकडे फोमच्या घनतेचे आकडे सांगत होतीस. मी दोघांनाही हो हो म्हटलं. मला फक्त एवढंच कळत होतं की माझी पाठ दुखते आणि मुलीला ती दुखलेली चालत नाही.

पलंगाच्या मापावरून तू चिडली होतीस, आठवतं? मी दोनदा माप कळवलं आणि दोन्ही वेळा वेगळं. मी हसून सांगितलं की शिंप्याने घेतलेलं माप आहे, शिवणीसाठी माया सोडली असेल. तूही हसलीस. खरं काय झालं ते आता सांगते. आपल्या शिवणाच्या दुकानात आमची कामाची पद्धत तू लहानपणापासून बघितली आहेस. ते टेप धरून माप पुकारणार, मी मान खाली घालून लिहून घेणार. पलंगाचंही तसंच केलं. त्यांनी लांबी पुकारली, रुंदी पुकारली, मी लिहिली. मग ते पलंगाच्या कोपऱ्याशी टेप धरून म्हणाले, बाही. आणि थांबले. मी वर बघितलं नाही. त्यांनी टेप गुंडाळून गळ्यात टाकली आणि पाणी प्यायला गेले. आधीचे दोन्ही आकडेही त्या पलंगाचे नव्हते, कुणाच्या तरी कोटाचे किंवा पडद्याचे असतील. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसरं माप, जे तू मागवलंस आणि जे बरोबर निघालं, ते ते अंघोळीला गेलेले असताना मी एकटीने घेतलं.

मग आम्ही तुझ्या हुकुमाप्रमाणे दुकानात गेलो, कारण गादी झोपून बघितल्याशिवाय घ्यायची नाही असं तू बजावलं होतंस. बसचे दोन स्टॉप पुढे, चौकातलं मोठं काचेचं दुकान. तिथला विक्रेता इतका उत्साही की बोलताना टाचांवर वर-खाली होतो. बाबांनी पाचच मिनिटांत त्याचं नाव स्प्रिंगराव पाडलं. तो म्हणाला, नुसतं बसून कळत नाही, घरी झोपता तसे चांगली पंधरा मिनिटं झोपा. बाबांनी बूट काढून पलंगाखाली ओळीत लावले आणि भिंतीकडे तोंड करून खरंच झोपले. मी उताणी, पोटावर पर्स, समोरून माणसं उशा बघत जात आहेत. नवऱ्याशेजारी झोपायची लाज मला लग्नातसुद्धा वाटली नव्हती तेवढी त्या दुकानात वाटली. एक बाई तर थांबून विचारून गेली, कशी आहे हो? मी म्हटलं, बरी आहे. गादीबद्दल विचारलं की नवऱ्याबद्दल, कोण जाणे.

निवड शेवटी बाबांनी केली, तुझ्या यादीतल्या दोन गाद्यांमधून. स्प्रिंगराव म्हणाला, आता गंमत बघा. त्याने गादीच्या एका बाजूला पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि दुसऱ्या बाजूला स्वतःला धप्पकन झोकून दिलं. पाणी हललंसुद्धा नाही. उठला, पुन्हा आपटला. पेला आपला जागच्या जागी. बाबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्यांनी ते पुन्हा करून दाखवायला लावलं. मग आणखी एकदा. मी म्हटलं, अहो, त्याची हाडं मोडतील. मला वाटलं, त्याची फिरकी घेत आहेत. तिसऱ्यांदा त्यांनी अगदी पहिल्यांदाच विचारावं तसं विचारलं, हा पेला कशाला ठेवलाय? स्प्रिंगराव चांगल्या घरचा मुलगा असणार. हसला नाही, पुन्हा उडी मारली. बाबा म्हणाले, हीच घ्या.

आता तुला अंदाज आला असेल. येऊ दे, पण पुढे वाच. वर्षभरापासून हे चाललं आहे. आधी बटणांचे डबे एकमेकांत मिसळायला लागले, मग खालच्या मजल्यावरच्या काकूंना ते ओळख नसल्यासारखं बाई म्हणून हाक मारू लागले. आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी डोक्याचे फोटो काढले, आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि गोळ्या दिल्या. तिथून निघाल्यावर बाबा रस्त्यात थांबून मला म्हणाले, "टाचणीला इतक्यात सांगू नकोस. ती उंचावर चढून काम करते, तिचं लक्ष ठिकाणावर राहू दे." मी कबूल केलं. तेव्हा त्यांचं सगळं लख्ख होतं, म्हणून तो शब्द मी इतके दिवस पाळला.

या आजारातलं मुख्य म्हणजे ते झोपेतून उठतात आणि निघतात. कपडे कापायला घ्यायचे आहेत, गिऱ्हाईक येऊन बसलं असेल, असं म्हणत दाराशी जातात. मी उठून सांगते की आज दुकानाला सुट्टी आहे. मग ते समाधानाने परत येऊन झोपतात. मला हे कसं कळायचं? तर त्या जुन्या गादीमुळे. मधल्या खड्ड्यामुळे आम्ही दोघं एकाच होडीत असल्यासारखे. त्यांनी कूस बदलली तर मी कलंडायची. ते काठाला बसले की माझी बाजू वर उचलली जायची. बराच वेळ बसून उठले तर बाथरूम, झटक्यात उठले तर दार, हे मला डोळे मिटूनही कळायचं. जाग यायची ती रोज, पण चुकली कधी नाही. माझी पाठ गादीने धरली असं तू म्हणतेस, ते अर्धंच खरं. झोपेतही एक कान गादीला लावून ठेवला की पाठ धरते.

नवीन गादीवर मी पहिल्या रात्री झोपले ती थेट उजाडेपर्यंत. दुसऱ्या रात्रीही. कितीतरी महिन्यांनी अशी झोपले, टाचणी. उठले तर हातपाय माझे वाटेनात. बाबाही शांत झोपलेले. तुला फोन करून मी तोंडभर कौतुक केलं, ते मनापासून होतं. मला वाटलं, गोळ्या लागू पडल्या.

रविवारी दुपारी जेवून दोघं आडवे झालो. मला जाग आली तेव्हा ऊन कपाटाच्या आरशापर्यंत आलं होतं. शेजारी कोणी नव्हतं. गादी इतकी चांगली की तिच्यावर दाबल्याची खूणसुद्धा राहत नाही. त्यांची बाजू अशी सपाट की तिथे कधी कोणी झोपलंच नसावं. हात फिरवला तर चादर गार. दार उघडं होतं. वरची कडी मी महिन्यापूर्वीच बसवून घेतली होती, पण ते उंच, मी ठेंगणी. ती काढायला त्यांना नुसता हात पुरतो आणि लावायला मला स्टूल लागतं. मी जिना उतरले, खालच्या काकूंना विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन दोन्हीकडे बघितलं. कोणत्या दिशेला जावं तेच सुचेना. तेवढ्यात फोन वाजला. स्प्रिंगराव होता. म्हणाला, काकू, घाबरू नका, काका इथे आहेत, गादी बघायला आले आहेत.

मी पोचले तेव्हा ते दुकानातल्या त्याच नमुन्याच्या गादीच्या काठावर बसले होते. बूट खाली ओळीत, गळ्यात टेप, हातात तो पाण्याचा पेला, आता प्यायला दिलेला. दोन स्टॉप चालत गेले होते, मधला मोठा रस्ता ओलांडून. स्प्रिंगरावने मला बाजूला घेऊन सांगितलं की त्याने त्यांना ओळखलं होतं, पण तुम्ही तर घेतली आहे असं म्हणायला त्याची जीभ रेटेना. म्हणून त्याने सगळं पहिल्यापासून दाखवलं. पेला ठेवला, उडी मारली. बाबांनी त्याला काय सांगितलं, तेही त्याने सांगितलं, इकडेतिकडे बघत. "आमची ही फार दमली आहे हो. मी उठलो की तिची झोप मोडते. मी उठलेलं तिला कळणार नाही अशी गादी दाखवा."

मला बघून ते गडबडले. म्हणाले, तू कशाला आलीस, तुला न सांगता घेणार होतो. मी म्हटलं, बरं, घेऊ या, पैसे घरी राहिले, आधी घरी जाऊ. घरी आल्यावर खोलीच्या दारात उभे राहून त्यांनी पलंगाकडे बघितलं, जाऊन हाताने दाबलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आणलीससुद्धा?" इतके खूश झाले. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

त्यानंतर मी स्प्रिंगरावला फोन करून परत करण्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, कंपनीला कारण सांगावं लागतं. कडक वाटते का? मऊ वाटते का? वास येतो का? माप चुकलं का? मी प्रत्येकाला नाही म्हणत गेले. शेवटी त्याच्याकडची कारणं संपली. खोट असती तर सोपं होतं. तुझ्या बाबांनी जे मागितलं तेच तिने केलं. जुनी गादी अजून गच्चीवर उभी करून ठेवली आहे, नेणाऱ्या माणसाला मी दोनदा परत पाठवलं. सध्या मी दाराला आडवी खुर्ची लावून तिच्यात बसल्या बसल्या डुलक्या काढते. बाबा विचारतात, एवढी चांगली गादी सोडून खुर्चीत काय बसतेस?

तर असं आहे. जुनी गादी परत आणली तर ते उठतील तेव्हा मला कळेल, आणि मी जागत राहीन. नवीन ठेवली तर मला झोप मिळेल, पण मग त्यांच्या उठण्याकडे लक्ष ठेवायला आणखी कोणीतरी हवं. यावर फोनवरून उपाय सांगू नकोस, घंटा आणि कुलूप दोन्ही करून झालं आहे, उपयोग नाही. मुदत संपायच्या आत ये. चार दिवस रजा काढून ये, बाबांशेजारी एकदा झोपून बघ, मग आपण दोघी मिळून ठरवू, गादीचंही आणि पुढचंही. बाबांना दिलेला शब्द मी मोडला, ते मी त्यांना सांगेन, त्यांच्या लख्ख वेळेला. ते रागावणार नाहीत. टाचणी येणार म्हटल्यावर बाकी सगळं विसरतील. आजार नसतानाही विसरायचे. आणि तू आलीस की पहिल्या दिवशी मला काही विचारू नकोस. मला त्या गादीवर झोपू दे. फार चांगली आहे ती, टाचणी, तू अगदी योग्य निवडली आहेस. फक्त एकटीने झोपण्यासारखी नाही.

तुझीच, मापं लिहून घेणारी,
आई