आधी समोरच्याची बाजू

११ जानेवारी १९५९, अकोला
अमरावती सोडून दोन महिने झाले. कॉलेजात इंटरचं वर्ष. भर वर्गात प्राध्यापकांशी वाद. माफी माग म्हणाले, मी सायकल काढली ती थेट स्टेशन. पातूरला आई अजून शेजारणींना सांगते, पोरगा सुटीत आला आहे.
इथं मिशनच्या शाळेत पाचवीला गणित. हंगामी. संध्याकाळी पाळकसाहेबांचा वर्ग : लॅटिन, तर्क, वादविवाद. बाकीचे पाळक व्हायला बसतात. मी साहेबांच्या मुलीसाठी. एस्तेर, पहिला बाक. स्वतःच्या वहीत खोटं कशाला.

१९ जाने.
लॅटिनची रूपं मोठ्यानं म्हणायची. एस्तेर (यापुढे ए.) न अडखळता. मी चौथ्यालाच ठप्प. तिनं वळून पाहिलं नाही, पण वेणी हलली. हसली असणार.
विचारलं, ही भाषा कोणी बोलत नाही, मग कशाला? पाळकसाहेब म्हणाले, "तुझी घाई मोडायला. आधी पाठांतर, मग तर्क, शेवटी वाणी. तू वाणीपासून सुरू केलंस."
राग आला. घरी येऊन रूपं पाठ केली.

२ फेब्रु.
वादाचा नियम : समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, असं की तो मान हलवेल. तोवर आपलं काही बोलायचं नाही. जमलं नाही तर पुढच्या वर्गापर्यंत मुदत. आपले जुने शास्त्रीही असंच करायचे म्हणे, पूर्वपक्ष.
तीनदा हरलो. प्रत्येक वेळी मध्येच माझंच घुसतं.
बाहेर पडताना ए. : "मास्तर, काहून इतके तापून राहिले? जिनिंगातला कापूस बी असा पेटत नाही."
दिवसभर तेच वाक्य.

१६ फेब्रु.
तिच्यासाठी नागपूरचं स्थळ आलंय. आज प्रार्थनाघराच्या पायरीवर तिला सगळं सांगून टाकलं. ना हो म्हणाली, ना नाही. चपलेचा अंगठा नीट करत बसली. मग, "पपाले विचारा."

२२ फेब्रु., रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांना विचारलं. ओसरीवर, उभ्यानंच. ए. दाराशी.
चिडतील वाटलं होतं. चहा पुढे केला नि म्हणाले, "नियम माहीत आहे ना? आधी माझी बाजू."
मांडली. त्यांच्या जागी बसून : हा मुलगा कुणब्याचा. त्याच्या घरी माझ्या मुलीच्या हातचं पाणी चालेल का, त्यानं विचारलेलंही नाही. उद्या बाप्तिस्मा घेईल तो देवासाठी नाही, मुलीसाठी. आणि ज्यानं कॉलेज अर्ध्यात सोडलं तो आणखी काय काय अर्ध्यात सोडेल?
पाळकसाहेबांनी मान हलवली. "मलाही इतकं नीट सांगता आलं नसतं. आता तुझं बोल."
 मीच मांडलेला त्यांचा मुद्दा मला पटला होता.
मुदत मागितली.

२८ फेब्रु.
आठवडाभर उत्तर लिहितोय. परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरीन. आईशी बोलीन. बाप्तिस्म्याचं उत्तर मात्र अजून...

१ मार्च
वाचून दाखवलं. पाळकसाहेब डोळे मिटून ऐकत होते. तेवढ्यात आतून ए. आली. हाताला कणीक.
"झालं तुमा दोघांचं? पपाची बाजू मास्तरनं मांडली, मास्तरची बी मास्तरनं. माही कोणी मांडली?"
पाळकसाहेबांनी डोळे उघडले.
"तुमी मांडा, मास्तर. मी मान हलवली तं पुढचं बोलू. येत्या रविवारी."
पाळकसाहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "मलाही जमणार नाही हे." नि हसले. मला नाही हसू आलं.

७ मार्च
उद्या रविवार. तिची वेणी, तिचं पाठांतर, पायरीवर ती कुठल्या बाजूला बसते, सगळं ठाऊक. नागपूरबद्दल तिला काय वाटतं, शिकून पुढे काय करायचंय, एकदाही विचारलं नाही. पायरीवर त्या दिवशी मीच बोलत होतो.
सकाळपासून एक ओळ झाली आहे :
एस्तेरचं म्हणणं असं की