शेवटच्या खोलीतली पोरं

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आर्मेनिया कुठे आहे हे मला आज दुपारपर्यंत माहीत नव्हतं. देवेशलाही नव्हतं. पण तो स्टुडिओचा मालक, त्यामुळे माहीत असल्यासारखं बोलला — तुर्कस्तानच्या बाजूला गं, डोंगराळ.

फोटो नीट करून पॅनल बनवणाऱ्या आमच्या माजिवड्याच्या स्टुडिओत आजवर म्युझियमची कामं आली ती सगळी इकडचीच. किल्ले, एक साखर कारखाना, एका ट्रस्टचं संतांचं प्रदर्शन. हे पहिलंच बाहेरचं. येरेवानच्या, म्हणजे त्यांच्या राजधानीतल्या, एका कंपनीने घेतलंय, त्यांनी आमच्याकडे सरकवलंय. डोंगरातल्या एका छोट्या गावाचं म्युझियम. पहिल्या खोलीत जुने गालिचे, तांब्याची भांडी, कोरीव दगडी क्रूस. दुसरीत तिथल्याच एका चित्रकाराची चित्रं, जवळजवळ सगळी एकाच डोंगराची. शेवटची खोली युद्धाची. शेजारच्या देशाशी झालेल्या २०२० च्या लढाईत त्या भागातली जी पोरं गेली त्यांचे फोटो.

देवेश म्हणाला, दक्षता, शेवटची खोली तू घे. तुझा हात हलका आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

फोटो उघडले. शाळेच्या ओळखपत्रावरचे, मोबाइलवर काढलेले, लग्नातल्या घोळक्यातून कापलेले. सगळे एकसारखे दिसायला हवेत — एक साइज, एक करडी पार्श्वभूमी. एका पोराच्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहिलाय. फक्त बोटं आणि अंगठी. तो पुसायचा होता. पुसला. बरं नाही वाटलं.

बरीचशी विशीची पण नाहीत.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

म्युझियम सांभाळणाऱ्या बाईंशी व्हिडिओ कॉल. नाव हास्मिक. पन्नाशीच्या असतील. ओव्हरकोट घालूनच बसलेल्या, खोलीत हीटर चालत नाही म्हणे. त्यांचं इंग्लिश मोडकं, माझंही मोडकं. त्यामुळे चांगलं जमलं.

लढाईत त्यांनी गालिचे तळघरात नेले. मग बॉम्ब पडायला लागल्यावर अख्खी गल्ली तळघरात आली आणि त्याच गालिच्यांवर झोपली. 'एक म्हातारा दोनशे वर्षांच्या गालिच्यावर बसून सिगरेट ओढत होता. मी त्याच्यावर इतकी ओरडले की बाहेरचा आवाज ऐकू येईना.' हसल्या. मी पण हसले. मग म्हणाल्या, म्हातारा बरा आहे, अजून ओढतो.

रविवार, १६ नोव्हेंबर

वहिनी म्हणाली, चल खाडीवरच्या पुलापर्यंत पाय मोकळे करू. भावना वहिनी असं कधी म्हणत नाही. लॅबमधून आली की झोपते ती. तेव्हाच कळायला हवं होतं.

पुलावर म्हणाली — 'दक्षता, मी कोर्टात अर्ज टाकलाय. वर्ष झालं. तुम्हाला सांगितलं नाही.'

कसला अर्ज ते विचारावं लागलं नाही. जयेशदादा मालवाहू जहाजावर खलाशी होता. आफ्रिकेतलं कुठलंसं बंदर सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला नव्हता. कंपनीने कळवलं, रात्री तोल जाऊन पडला असावा. जहाज मागे वळवलं, शोधलं. काही मिळालं नाही. लग्नाला तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं. सात वर्षं काही खबर नसली की कोर्ट माणसाला मेलेला ठरवतं. ती सात कधीच उलटून गेली.

'कुणी आहे का?' मी विचारलं.

'खडवलीला. दिपेश नाव. शाळेत शिकवतात. बायको कॅन्सरने गेली, मुलगी आहे सहावीत.' मग थांबून म्हणाली, 'मी चाळिशीची होईन गं आता.'

वकील म्हणतात रक्ताच्या माणसाची साक्ष हवी. आई किंवा मी.

'आईंना विचारायची माझी हिंमत नाही,' म्हणाली. 'तू विचार. नाहीतर तू ये.'

घरी आलो तर आई वाकट्या मासळी साफ करत होती. आमच्याकडे बघून म्हणाली, कवा गेलेल्या, चहा निवला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आईला सांगितलं नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

ऑफिसात गोंधळ. हास्मिकचा मेल — नारेक नावाच्या मुलाच्या फोटोचं काम थांबवा. तासाभराने येरेवानच्या कंपनीचा मेल — थांबवू नका, म्युझियमच्या कमिटीने यादी पास केलीय. देवेशने डोक्याला हात लावला. 'पैसे कंपनी देणार. कंपनी म्हणते ते कर.'

मी हास्मिकना फोन लावला. नारेकचं प्रेत मिळालेलं नाही. कागदोपत्री बेपत्ता. कमिटीचं म्हणणं, पाच वर्षं झाली, सगळं गाव जाणतं, भिंतीवर त्याची जागा रिकामी ठेवली तर बाकीच्यांचा अपमान. त्याची आई सिरानुश म्युझियमच्या दारात येऊन बसलीय. म्हणते, माझा मुलगा त्या खोलीत लावायचा नाही.

फोटो माझ्या स्क्रीनवर होता. मागचं झाड पुसून झालेलं. पार्श्वभूमी करडी. बाकीच्यांसारखाच दिसत होता तो. मी काही वेगळं केलं नव्हतं, पण करडा रंग दिला की गेलेल्यांतलाच झाला की तो. ती फाइल बंद केली. सेव्ह न करता.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

हे नीट लिहून ठेवायचंय.

हास्मिकचा कॉल होता पॅनलच्या मापांसाठी. तिच्या शेजारी काळा स्कार्फ बांधलेली बाई बसलेली. सिरानुश. मजबूत बाई, लाल हात. आमच्या बाजारात बसली असती तर गिऱ्हाइकाने भाव करायच्या आधी विचार केला असता. तिला फक्त बघायचं होतं की तिच्या मुलाचा फोटो कुणाकडे आहे.

मी म्हटलं, मी अजून काही केलेलं नाही. आणि मग कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं — माझा भाऊ पण असाच. समुद्रात. सापडला नाही.

हास्मिकने ते तिला सांगितलं. सिरानुश स्क्रीनच्या अगदी जवळ आली. हास्मिक एकेक वाक्य इंग्लिशमध्ये सांगत होती.

'तुझी आई काय करते?'

'मासळी विकते. कळव्याच्या बाजारात.'

'ते नाही. काय करते? रडते? बोलते त्याच्याशी?'

आई काहीच करत नाही. दादाचं नाव काढत नाही. नारळी पुनवेला सगळा कोळीवाडा खाडीवर जातो, ती पण जाते, नारळ सोडते, परत येते. 'रडत नाही,' म्हटलं.

सिरानुशने मान हलवली, पटल्यासारखी की न पटल्यासारखी कळलं नाही. मग विचारलं — 'लग्न झालेलं त्याचं?'

'हो.'

'ती कुठे आहे?'

'आमच्याच घरी.'

मग सिरानुश बोलायला लागली, हास्मिकला थांबवून थांबवून सांगावं लागत होतं. नारेकचं लग्न ठरलेलं होतं. मुलगी गावातलीच. दोन वर्षं रोज संध्याकाळी सिरानुशकडे येऊन बसायची. एक दिवस सिरानुशने दार उघडलं नाही. आतूनच सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. आता ती येरेवानला आहे, दोन मुलं आहेत.

'वाट बघणं माझं काम आहे,' हास्मिक म्हणाली. म्हणजे सिरानुश म्हणाली. 'तिचं नाही. तिला मी नाही दिलं ते काम.'

बुधवार, २६ नोव्हेंबर

दिवसभर सिरानुशचा राग येत राहिला. दार न उघडणं सोपं असेल तिकडे. इकडे एकच खोली आणि एक किचन आहे, आम्ही तिघी एकमेकींना ओलांडून झोपतो.

शनिवार, २९ नोव्हेंबर

पहिल्या खोलीचे फोटो ऑफिसातली संचिता करतेय. ती सुट्टीवर, म्हणून मी उघडले. त्यात एक — नदीवर गालिचे धुणं. दर उन्हाळ्यात शाळेची पोरं म्युझियमचे गालिचे नदीवर नेतात, साबण लावून पायांनी तुडवतात. दहा-बारा पोरं, पँटी गुडघ्यापर्यंत. डाव्या कडेला एक जण पाय घसरून पाण्यात बसलाय आणि बाकीचे हसताहेत. झूम केलं. मी तो चेहरा आठवडाभर बघत होते, चूक होणं शक्य नाही.

हास्मिकला पाठवला. लिहिलं — नारेकला इथेच राहू दे. मोठा करू हा फोटो, अख्ख्या भिंतीएवढा. खाली सगळ्या मुलांची नावं. म्युझियममध्ये तो असेल. पण पहिल्या खोलीत, गालिचे धुणारा म्हणून.

उत्तर आलं — सिरानुशला दाखवला. ती म्हणते, हा नेहमीच घसरायचा.

मी विचारलं, कमिटी ऐकेल?

हास्मिक: 'तू शेवटच्या खोलीत दुसऱ्या रांगेतला चौथा केलास. कान मोठे आहेत तो. तो माझा. माझ्याशी कमिटीतलं कोण वाद घालेल?'

ते कान मी थोडे लहान करणार होते. देवेशने सांगितलेलं, चेहरे देखणे दिसू देत. केले नव्हते, देवाची कृपा.

गुरुवार, ४ डिसेंबर

आईला सांगितलं. बाजारातून येऊन ती पाय धूत होती. वहिनी ड्युटीवर. सगळं सांगितलं — अर्ज, खडवली, दिपेश, त्यांची मुलगी. साक्ष हवी आहे हे शेवटी.

आईने तांब्या खाली ठेवला. 'मी कोर्टात उभी रवाची नाय.'

'आई, तिचं वय —'

'मी नाय येवाची. माझ्या तोंडून ते निघाचं नाय. तू जाते तर जा.'

'तू नको म्हणालीस तर नाही जाणार.'

'मी काय बोल्ले? जाते तर जा बोल्ले.'

आणि पदराने पाय पुसून आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शनिवार, ६ डिसेंबर

आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, सरकवते.

सोमवार, १५ डिसेंबर

ठाण्याचं कोर्ट. सकाळी आई नेहमीपेक्षा लवकर बाजारात निघून गेली. मी आणि वहिनी रिक्षाने. वहिनीने पांढरट ड्रेस घातलेला. मी म्हटलं, बदल ना. ती म्हणाली, वकिलांनी सांगितलंय साधं या.

आमचा नंबर दुपारी लागला. शपथ घेतली. वकिलांनी विचारलं, तुमच्या भावाकडून त्यानंतर काही फोन, पत्र, निरोप?

नाही.

तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला?

नाही. कुणालाच नाही.

झालं एवढंच. बाहेर आले. मी दादाला मारून आले असं वाटत होतं. दादा मला शाळेत खांद्यावर बसवून न्यायचा, पावसाचं पाणी साचलं की. वहिनीने उसाचा रस घेऊन दिला, तो प्यायला गेला नाही. तिलाही नाही. दोन ग्लास तसेच ठेवून निघालो.

बुधवार, ७ जानेवारी २०२६

काल त्यांचा नाताळ होता, जानेवारीत असतो म्हणे. हास्मिकने बर्फातल्या म्युझियमचा फोटो पाठवला. कमिटीने मान्य केलं. एकजण फक्त म्हणाला, मग सगळेच पहिल्या खोलीत हवे होते. हास्मिक म्हणाली, तो बरोबर बोलला.

गुरुवार, १२ मार्च

निकाल लागला. जयेश शिवराम कोळी मयत समजण्यात यावेत. वहिनीने कागद मला दिला, आईला दाखवायची हिंमत नाही म्हणून. मी आईसमोर ठेवला. तिने विचारलं, 'काय लिवलंय?' मी वाचून दाखवलं. ती 'बरां' म्हणाली आणि भात बघायला उठली.

एवढंच? इतकी वर्षं आणि बरां? मला किंचाळावंसं वाटलं.

शनिवार, ११ एप्रिल

आज तिकडे उद्घाटन. हास्मिकने मोबाइल फिरवून सगळं दाखवलं. शेवटची खोली छान झालीय, छान म्हणू नये पण. लोक तिथे कमी थांबत होते, पहिल्या खोलीत जास्त. नदीच्या फोटोसमोर सिरानुश खुर्ची टाकून बसलेली. येणाऱ्या प्रत्येकाला बोट दाखवून सांगत होती, तो पाण्यात बसलेला.

देवेश म्हणाला, रिव्ह्यू चांगला देतील ना गं?

रविवार, १९ एप्रिल

वहिनीचं लग्न झालं. खडवलीला, देवळात, घरच्याच माणसांत. दिपेश शांत माणूस आहे. त्यांच्या मुलीने वहिनीचा हात धरला आणि सोडलाच नाही. आई आली नाही. घरून निघताना तिने वहिनीला सुक्या जवळ्याची पिशवी भरून दिली, आणि डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ. वहिनी रडली. आई नाही.

परत आल्यावर घर मोठं वाटलं.

सोमवार, २० एप्रिल

सकाळी कोळंबी सोलताना आई बोलली. माझ्याकडे न बघता. दादाचा फोन आलेला. तो गेल्यावर दुसऱ्या वर्षी, ती बाजारात असताना. 'आये, मी बरा हाय. मना शोधू नको.' तेवढंच. पुन्हा कधी नाही.

मी विचारलं, मग मला का जाऊ दिलंस कोर्टात?

'मना खोटी शपथ घेता आली नसती. तुला ठावं नव्हतं, तुझी खरी झाली. नवऱ्यानं टाकलेली म्हणून जाण्यापरीस नवरा मेलेली रांडव म्हणून गेली ती बरी.' आणि कोळंबीची परात माझ्याकडे सरकवली, धुवायला.