तीन प्रती की सहा तुकडे

लातूर, १४ जून, संध्याकाळ

ज्या क्लासमध्ये मी बारावी केली, तिथल्या स्कॅन केलेल्या उत्तरपत्रिका कशा जपाव्यात, हे उद्या सरांना सांगायचे आहे. तीन संगणकांवर तीन पूर्ण प्रती? की चार तुकडे करून, त्यांवरून गणिताने काढलेले आणखी दोन, असे सहा तुकडे सहा संगणकांवर? दोन्हींत कोणतीही दोन यंत्रे बिघडली तरी काही हरवत नाही; तुकड्यांना मात्र तिपटीऐवजी दीडपटच जागा पुरते. किती देखणे! मनोमन मी तुकडेच निवडले होते.

क्लासचे कारकून शिवप्पाकाका ऐकून हसले. "ताई, तुम्ही तर इंजिनियरिंगला नांदेडला चालल्या. मागं हे तुकडे जोडणार कोण? माझं गणित हजेरीपाशीच संपतंय बगा."

राग आला. 

मी पहिलीत असताना भूकंपात आमची शाळा पडली, रजिस्टर गाडले गेले. गुरुजींनी जांभळ्या शाईने केलेली त्याची नक्कल शेजारच्या गावी होती. तीत माझी जन्मतारीख बाबांनी स्वतः शोधली. बाबा चौथी शिकलेले.

मग माझ्या हुशारीचे काय? ती कोणासाठी होती? पुन्हा पुन्हा ती जांभळी शाईच डोळ्यांसमोर येते.

तीन पूर्ण प्रतीच सांगेन, क्लासच्या लातूर, नांदेड आणि उदगीरच्या शाखांत ठेवायला. आणि जाण्यापूर्वी त्यांतली एक शिवप्पाकाकांना उघडायला लावेन. मी शेजारी बसेन, एक शब्दही न बोलता.