काकांचा पत्ता मी कायमचा वळवला

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार (तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून घरात वाकण्याचं काम माझ्याकडेच आहे). पाय कसा आहे? जिना चढता का, की ताईच्या धाकाने खुर्चीतच बसून असता? इकडे सगळं ठीक. दुरुस्तीला आलेली शिलाई मशिनं वेळेवर परत जातात, आणि तुमचा बारीक स्क्रूड्रायव्हर मी अजून हरवलेला नाही.

आता दुकानाच्या वेबसाइटबद्दल. कुणाकडून तरी कानावर येण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं. तुम्ही लेकीकडे गेलात तरी लोक तुमच्या पानावरून तुमचीच वेळ मागत राहिले. म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या वेबसाइटवाल्याला सांगितलं, काकांचा पत्ता कुणी उघडला की त्याला माझ्या पानावर पाठव. त्याने विचारलं, कायमचं की तात्पुरतं? तुमच्या हाताखाली सात वर्षं काढलेल्या माणसाने यावर काय उत्तर द्यावं? एकदा मी गिऱ्हाइकाची घाई बघून पट्टा तात्पुरता बांधून दिला, तर तुम्ही मला दिवसभर नुसत्या बॉबिनी पुसायला बसवलं होतं (त्या स्वच्छच होत्या). मी ताठ मानेने म्हटलं, आमच्याकडे तात्पुरतं काम होत नाही. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा तर मला रागच आला.

मागाहून कळलं, त्याच्या धंद्यात कायमचं म्हणजे पक्कं काम नव्हे. कायमचं म्हणजे हा पत्ता संपला, इथे आता कुणी राहत नाही, सगळ्यांनी नवा लिहून घ्या. आणि इंटरनेटवरची ही यंत्रं आपल्या गिऱ्हाइकांसारखी नाहीत, सांगितलेलं ऐकतात. दोन महिन्यांत इंटरनेटवर तुमचं नाव शोधलं की तुमच्या जागी मी यायला लागले (फोटोही नेमका डोळे मिटलेला).

परवा आपले जुने गिऱ्हाईक, कोट शिवणारे मास्तर आले, तेही मशीन न घेता. स्टुलावर बसले, पाणी प्यायले आणि हळूच म्हणाले, "शेवटी फार त्रास झाला का?" मी म्हटलं, "गुडघ्याचाच झाला. आता अगदी आरामात आहेत." त्यांनी डोळे पुसले. तुमचं पान उघडल्यावर पुतणी दिसली म्हणजे तुम्ही गेलात, असा हिशेब त्यांनी मांडला होता, आणि तो माझ्या लक्षात यायला चहा संपावा लागला. खरं कळल्यावर त्यांना आनंद झाला, पण जरा पंचाईतही झाली. कारण तोवर ते तुमच्याबद्दल चार चांगले शब्द बोलून बसले होते, आणि ते तुम्हाला कळवू नयेत अशी त्यांनी मला गळ घातली आहे.

मी तशीच वर गेले आणि सगळं तात्पुरतं करून घेतलं. पण ज्यांनी आधी तुमचा पत्ता उघडला होता, त्यांच्या ब्राउझरने 'कायमचं' घट्ट लक्षात ठेवलेलं. मग मी गिऱ्हाइकांच्या घरोघर जाऊन त्याला ते विसरायला लावलं. पर्स शिवणाऱ्या बाईंकडे माझा हात जरा जास्त फिरला आणि त्यांचे साठवलेले सगळे पासवर्डही पुसले गेले. त्या आता माझ्याशी बोलत नाहीत, पण तुमची चौकशी करतात. इंटरनेटवर तुमचं नाव हळूहळू परत दिसायला लागलं आहे.

तब्येतीला जपा. ताईला सांगा, लोणी कमी दे म्हणावं.

तुमची पुतणी

ता. क. ताईचा फोन आला होता. गुडघा महिन्यापूर्वीच बरा झाला आणि तुम्ही रोज बागेपर्यंत चालत जाता म्हणाली. मी फक्त बरं म्हटलं.

ता. क. २. वेबसाइटवाला विचारतो, तात्पुरतं म्हणजे कधीपर्यंत. त्याला काहीबाही सांगून वाटेला लावलं, पण मलाच ते विचारायचंय, त्यासाठीच एवढं लांब पत्र लिहिलं. फोनवर जमलं नसतं. मास्तर घरी परतल्यावर मी शटर अर्धं ओढून रडले, आणि तुम्ही तर चांगले धडधाकट आहात. तुम्ही सांगाल तसं करीन. पण काका, कायमचं म्हणू नका.