शांत पेशींचा दहावा उल्लेख

३ फेब्रुवारी. सकाळ.
साहेब जूनमध्ये निवृत्त होणार. विभागप्रमुखाच्या खुर्चीसाठी अट आली: एच-इंडेक्स किमान दहा. म्हणजे असे दहा पेपर, ज्यांचा प्रत्येकी दहा वेळा तरी कुठे ना कुठे उल्लेख झालाय. माझा इंडेक्स नऊ. दहाव्या पेपरला उल्लेख नऊ. एक कमी!
तो पेपर म्हणजे माझं सर्वोत्तम काम. उंदराच्या प्लीहेत मी 'शांत पेशी' शोधल्या. कशानेही उत्तेजित न होणाऱ्या. आकृती चार पाहावी, काहीही टोचा, ढिम्म. नऊपैकी सात उल्लेख माझेच आहेत. विषय ज्याला कळतो तोच उल्लेख करणार.

४ फेब्रुवारी.
धूमकेतूनेही (हे नाव मनातल्या मनात मीच ठेवलंय) अर्ज केलाय. माझीच एकेकाळची विद्यार्थिनी, इंडेक्स तेवीस. हल्ली आकड्यांना काही धरबंद राहिला नाही. माझी पदवी वनस्पतिशास्त्राची, इम्युनॉलॉजी मी माझी मी शिकलो. त्यामुळे कोणा गुरूच्या चुका माझ्यात आल्या नाहीत.
निश्चय: स्वतःच आणखी एक पेपर लिहून त्यात दहावा उल्लेख करायचा.

७ फेब्रुवारी.
निश्चय रद्द. संपादक म्हणतात, नव्या पेपरात काहीतरी नवं हवं. अटी वाढतच चालल्यात.

१२ फेब्रुवारी. दुपार.
संधी चालून आली. एका जर्नलने पेपर तपासायला पाठवलाय. लेखकांची नावं झाकलेली, माझंही झाकलेलं. विषय प्लीहा! आणि माझा उल्लेख नाही. लिहिलं: काम बरं, पण वाचन तोकडं. अमुक पेपर (खंड, अंक, पानं सगळं दिलं) विचारात घेतल्याशिवाय हे छापता येणार नाही, आकृती चारची विशेष दखल घ्यावी. निःपक्षपातीपणा दिसावा म्हणून आणखी एकाचा पेपर सुचवला. तो वारलाय, त्याला इंडेक्स वाढून उपयोग नाही.
बायकोने विचारलं, एवढं काय बडवताय? म्हटलं, एका अज्ञात माणसाला मार्गदर्शन. ती म्हणाली, अहो, मुलीच्या गणिताकडेही बघा, ती तर ओळखीची आहे.

२६ मार्च.
लेखकांचं उत्तर आलं. 'रिव्ह्यूअरचे मनःपूर्वक आभार. सुचवलेला पेपर बारकाईने अभ्यासला, आकृती चारचा प्रयोग स्वतः करून पाहिला, सविस्तर परिच्छेद जोडला आहे.' याला म्हणतात संस्कार! मीही काटेकोर माणूस. संदर्भसूची अक्षरन् अक्षर तपासली. आडनाव, आद्याक्षरं, पानं, सगळं अचूक. परिच्छेद वाचायची गरज वाटली नाही. आभार मानणारा माणूस वाईट कशाला लिहील? 'छापावा' असं कळवलं.

२१ एप्रिल.
छापला. इंडेक्स दहा!! ग्रंथपालाकडून त्या पेपरची प्रिंट काढून अर्जाला जोडली. सगळ्यांना चहा पाजला. लेखिकेचं नाव पाहून मात्र कप खाली ठेवला. धूमकेतू. दोन दारं सोडून बसते. असो. शेवटी गुरूचं नाव घेतलंन.

१९ मे. मुलाखत.
बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी माझीच प्रिंट उघडली आणि परिच्छेद मोठ्याने वाचला. मेलेल्या पेशी वगळणारा रंग वापरून प्रयोग पुन्हा केला असता (मला त्या रंगाची कधी गरज पडली नाही) शांत पेशी एकही उरली नाही. त्या शांत नव्हत्या, मेलेल्या होत्या. खाली तळटीप: 'निनावी रिव्ह्यूअरच्या आग्रहाशिवाय हे कधीच लक्षात आलं नसतं.'
मी म्हणालो, मतभेद हा विज्ञानाचा प्राण आहे. बाई म्हणाल्या, यात प्राण नव्हता हाच तर मुद्दा आहे. साहेबांना खोकला आला. बराच वेळ टिकला.

२ जून.
खुर्ची धूमकेतूला. बायकोला सांगितलं, राजकारण. तिने मुलीची गणिताची वही पुढे सरकवली. हे जास्त लागलं.

१४ नोव्हेंबर. संध्याकाळ.
धूमकेतू खोलीत आली, दार हळूच लावलं. म्हणाली, सर, रिव्ह्यूअर तुम्हीच ना? पहिल्या ओळीतच ओळखलं होतं. म्हटलं, मग तेव्हाच यायचंस. म्हणाली, निनावी माणसाचं दार कसं वाजवणार? मग म्हणाली, आकृती चार यावी म्हणून तीनदा करून पाहिलं हो, सर. मी म्हणालो, चौथ्यांदा करायला हवं होतं. खाली बघून म्हणाली, केलं होतं.
 मग तिने विचारलं, पुढच्या आठवड्यात नव्या मुलांना 'प्रयोगातल्या चुका' शिकवायच्यात, शांत पेशींचं उदाहरण घेतलं तर चालेल का? नाव घेणार नाही. म्हटलं, नाव घे. स्पेलिंग नीट घे.
ती गेल्यावर आकडा पाहिला. त्या पेपरचे उल्लेख सव्वीस झालेत. लोक पहिल्यांदाच तो शेवटपर्यंत वाचतायत.