पाठी कापलेल्या खुर्च्या

मी, खाली सही करणारा सुतार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. फुप्फुसे गेली आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. सगळी मालमत्ता नास्तिक मंडळाला देणारे माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. माझा देवावर विश्वास नव्हता, आजही नाही. शेवटच्या कळांत तोंडून "अरे देवा" निघाले तर ते जिभेचे वळण समजावे. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, "आला शेवटी ताळ्यावर" असे सांगत फिरू नये. मंडळानेही घाबरून बैठक बोलावू नये.

२. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलीला.

३. पटाश्या आणि रंधे दादाला. माझी नात तापाने गेली तेव्हा "आजोबा नास्तिक, लेकराने भोगलं" असे तो दारात उभा राहून बोलला. "हे तुला कोणी सांगितलं?" विचारले, तर म्हणाला, "यावर वाद नको." ते मी माफ केलेले नाही. तरी हत्यारे त्यालाच, कारण धार तो उत्तम लावतो.

४. मंडळाच्या खुर्च्या. बैठक माझ्याच घरी, पुढच्या खोलीत भरते. खुर्च्याही मीच केलेल्या. कोणी प्रार्थना करताना दिसले की त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायची आणि सर्वांसमोर "चुकलो" म्हटल्यावरच सरळ करायची, असा मंडळाचा रिवाज. नात इस्पितळात असताना मुलीने व्हरांड्यात हात जोडले. ते अध्यक्षांनी पाहिले. ऊठसूट पुरावा मागतात म्हणून त्यांना सगळे पुरावेसाहेब म्हणतात. नात गेल्यावर चार माणसांत बसावे म्हणून मुलगी बैठकीला आली, तर तिची खुर्ची भिंतीकडे. "बाबा, तुमच्याच घरात?" एवढेच म्हणाली आणि गेली. त्यानंतर तिने इथे पाऊल टाकलेले नाही.

मी म्हणालो, "पुरावेसाहेब, खुर्ची फिरवून कोण शहाणं झालं, त्याचा पुरावा द्या."

"नियम आहे. यावर चर्चा नाही."

दादाचेच वाक्य. देव न मानणे ही पोथीनिष्ठा नव्हे, हे मी जन्मभर भांडून सांगितले, अजूनही सांगेन. पण जे तपासायची मुभा नाही ती पोथीच, मग तिच्यात देव असो वा नसो.

म्हणून मंडळाच्या खुर्च्यांच्या पाठी मी करवतीने कापल्या आहेत. दम लागत होता, तरी सोडले नाही. आता ती स्टुले झाली. कशीही फिरवा, सारखीच. ती मंडळाने घेऊन जावीत.

५. मुलीच्या खुर्चीची पाठ तेवढी ठेवली आहे. खुर्ची माझ्या खाटेजवळ, खाटेकडे तोंड करून आहे. ती कोणी हलवू नये. पोरी, मी काही विचारणार नाही. नुसती येऊन बस. मी आहे तोवर आलीस तर फार बरे होईल.

स्थळ: राहते घर, मागची खोली. शनिवार, दिनांक १४.

सही: सुतार

साक्षीदार: १. गल्लीतले डॉक्टर. २. समोरची शिंपीण.

ता. क. शिंपीणबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना बसा म्हटले. "नको, पोरीची आहे," म्हणाल्या आणि त्यांनी उभ्यानेच सही केली.